काळीभोर जमीन आणि खारपाणातला सोडियम

शाळेच्या नकाशात विदर्भ काळ्या मृदेच्या रंगाने भरलेला असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, कापसासाठी उत्तम. तेवढ्यावरून माती जितकी काळी तितकी सुपीक, अशी अनेकांची पक्की समजूत होते. अकोला जिल्ह्यात ती टिकत नाही. इथल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो. जो थोडा ह्युमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश, असतो तो चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो, म्हणून रंग एवढा गडद दिसतो.

दक्षिणेला पातूर-बार्शीटाकळीकडे डोंगरउतारावर हात-दीड हात खणलं की मुरूम लागतो. अशा बरड जमिनीत पावसाने पंधरा दिवस दडी मारली की सोयाबीन माना टाकतं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींना गोडं पाणी, म्हणून तिथे संत्रा आणि केळी. मधे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. खोल, भारी, दिसायला सगळ्यांत देखणी काळी जमीन, आणि पिकवायला सगळ्यांत अवघड.

असं का, हे मातीच्या कणात शिरल्याशिवाय कळत नाही. दख्खनचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून स्मेक्टाइट नावाचं चिकण खनिज तयार झालं. त्याचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे, वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले. प्रत्येक थरात सिलिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक. या मधल्या पापुद्र्यात काही जागी तीन धनभारांच्या ॲल्युमिनियमऐवजी दोन धनभारांचं मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे थरावर ऋणभार उरतो. तो फेडायला थरांच्या मधे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे आयन, म्हणजे धनभारित कण, येतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. पाणी शिरलं की थर दूर सरकतात, माती फुगते. उन्हाळ्यात ती आवळते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता कोणता आयन बसला, यावर सगळं ठरतं. कॅल्शियमवर दोन धनभार. तो थरांना धरून ठेवतो, कणांचे बारीक गोळे बांधतो, आणि गोळ्यांमधल्या फटींतून पाणी मुरतं, हवा खेळते. सोडियमवर एकच भार, म्हणून तो थरांना तेवढं घट्ट धरू शकत नाही. त्याचं प्रमाण वाढलं की कण सुटे होतात, पाण्याबरोबर खाली सरकतात आणि फटी बुजवतात. मग पाऊस झाला की वर चिखल आणि वीतभर खाली कोरडं. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, उशिरा येतो आणि लगेच जातो. थरांमधल्या अदलाबदल होऊ शकणाऱ्या आयनांत सोडियम 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, असा सर्वसाधारण नियम आहे. पूर्णेच्या खोऱ्यात त्याहून बऱ्याच कमी सोडियमलाही निचरा अडतो.

हा सोडियम वरचढ होतो तो कोरड्या हवेमुळे. पावसाळा संपला की जमिनीतलं पाणी उडत राहतं, कॅल्शियम कार्बोनेट होऊन साक्यासारखं खाली बसतं, आणि उरलेल्या ओलीत सोडियमचा वाटा वाढत जातो. नांगराबरोबर वर येणारे चुनखडीचे खडे म्हणजे असं अडकून पडलेलं कॅल्शियम. त्यात विहिरीचं खारं पाणी दिलं की भर पडतेच.

घरी पाहायचं असेल तर शेतातलं सुकं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. काही तासांत ढेकळाभोवती दुधट ढग पसरला तर कण सुटे होत आहेत. ढेकूळ नुसतं विस्कटून खाली बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर बरं लक्षण.

खारं पाणी चुंबकाच्या पट्टीतून गेलं की गोडं होतं, अमुक बाटली शिंपडली की जमीन लोण्यासारखी होते, असं सांगून गावोगाव विक्री चालते. चुंबकाने पाण्यातला सोडियम जात नाही. तो हटवायला त्याच्या जागी कॅल्शियम द्यावं लागतं, आणि त्यासाठी स्वस्त साधन म्हणजे जिप्सम, हे कॅल्शियम असलेलं खनिज. ते पावसाळ्याच्या तोंडावर मातीत मिसळायचं, म्हणजे सुटलेला सोडियम पावसाबरोबर खाली जाईल. मात्र चर काढून पाण्याला वाट करून दिली नसेल तर तो तिथेच घुटमळतो. तोवर ओलीवरचा हरभरा, आणि शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याची एखादी पाळी, हे इथल्या जमिनीला मानवणारं आहे.

माती तपासायला देताना नेहमीचा वरचा वीतभर नमुना इथे पुरत नाही. सोडियम बहुधा खालच्या थरात जास्त असतो, म्हणून दोन-तीन फुटांवरचा नमुना वेगळ्या पिशवीत द्यावा, आणि विहिरीचं पाणीही सोबत तपासून घ्यावं.