घरच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क किती मोठी घ्यावी?

‘एक टीबी पुरेल ना?’ दुकानात आल्या आल्या बहुतेक ग्राहक हेच विचारतात. आम्ही लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण उत्तर तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्येच असतं. ते कसं काढायचं यासाठी हे पत्रक आहे.

आधी मोजा

कॉम्प्युटर सुरू करून ‘धिस पीसी’ उघडा. सी, डी, ई अशा प्रत्येक ड्राइव्हखाली एकूण जागा किती आणि मोकळी किती ते दिसतं. एकूणमधून मोकळी वजा करा आणि सगळ्या ड्राइव्हची बेरीज घ्या. हा झाला तुमचा आजचा डेटा. कॉम्प्युटर घेऊन जेवढी वर्षं झाली, त्याने या आकड्याला भागलं की वर्षाला साधारण किती भर पडते ते कळतं.

समजा, सहा वर्षांत १८० जीबी भरले. म्हणजे वर्षाला ३०. पण मोबाईलचे कॅमेरे सुधारत चाललेत आणि फाइली मोठ्या होत चालल्यात, म्हणून पुढची भर दुप्पट धरा, वर्षाला ६०. पाच वर्षांचे ३०० आणि आजचे १८० मिळून ४८० झाले. डिस्क काठोकाठ भरू नये, पाचवा भाग मोकळा राहावा, म्हणून लागणार ६०० जीबी. या घराला ५१२ ची कमी पडेल, १ टीबीची (साधारण हजार जीबी) बरोबर बसेल आणि २ टीबीचे जादा पैसे वाया जातील.

जागा खातं कोण? पत्रं, बिलं, एक्सेलच्या फाइली, दुकानाचा टॅलीचा डेटा, हे सगळं मिळूनसुद्धा फारसं काही होत नाही. मोबाईलचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा, म्हणजे हजार फोटो चार जीबीच्या आसपास. खरी जागा जाते व्हिडिओत. फोर-के व्हिडिओचा एक मिनिट बऱ्याच मोबाईलवर ३५० ते ४०० एमबी घेतो. बारशाचं अर्ध्या तासाचं शूटिंग दहा-बारा जीबी खाऊन बसतं. घरात गेम खेळणारी मुलं असतील तर तो हिशेब वेगळा धरा. मोठा गेम एकटाच शंभर जीबीच्या पुढे जातो.

‘१ टीबी घेतली आणि ९३१ जीबीच दिसते, फसवलंत का?’ असा फोन आम्हाला नेहमी येतो. फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याचा जीबी थोडा मोठा असतो. म्हणून ५०० जीबीची डिस्क ४६५ आणि २५६ जीबीची २३८ दिसते. वरचा हिशेब विंडोजच्या आकड्यांत आहे, तेव्हा तुलनाही त्याच आकड्यांशी करा.

एसएसडी की हार्ड डिस्क?

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क. घ्यायच्या दोन्ही, जमत असेल तर. विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवर, फोटो-व्हिडिओ साध्या हार्ड डिस्कवर. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण अपडेट आणि प्रोग्रॅम धरले तर १२८ सुद्धा लवकर भरते. आम्ही २५६ च्या खाली देत नाही. एकच ड्राइव्ह बसवायचा असेल तर निदान ५१२ ची एसएसडी घ्या. जुन्या मदरबोर्डवर एम-टूची, म्हणजे थेट बोर्डावर खोचायच्या पट्टीसारख्या एसएसडीची, जागा नसते. तिथे केबलने जोडायची अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि कॉम्प्युटरमधला फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

एक चूक सारखी दिसते. डिस्क ५०० ची, पण कुणीतरी सी ड्राइव्ह १०० जीबीचा करून ठेवलेला. सी भरून लाल झालेला, डी आणि ई रिकामे, आणि ग्राहक नवी डिस्क घ्यायला आलेला. अशा वेळी बहुतेकदा डिस्क विकत घ्यायची गरजच नसते. बॅकअप घेऊन पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, नीट केलं की काम होतं, आणि आम्ही तेच सुचवतो.

ऑनलाइन ५००-७०० रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर कृपा करून घेऊ नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, फक्त आकडा २ टीबी दाखवायची सोय केलेली असते. कॉपी होताना सगळं सुरळीत वाटतं. चिप भरल्यावरच्या फाइली उघडत नाहीत.

दुसरी प्रत

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत लोक गाळाने भरलेली कॅबिनेट रिक्षात घालून आमच्याकडे आणत होते. एका ताईंकडे मुलाच्या जन्मापासूनचे फोटो होते. बॅकअपची पोर्टेबल डिस्कही होती, पण ती त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकत्र बुडाल्या. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो: ४ टीबीची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन घ्या, आणि दुसरी बहिणीकडे, मामांकडे, निदान वरच्या मजल्यावर ठेवा. दिवाळी आणि मे महिना, वर्षातून दोनदा तरी तिच्यात नवे फोटो भरा.

डिस्क भिजलीच तर वीज लावून बघू नका आणि उन्हातही ठेवू नका. आहे तशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. टकटक आवाज येऊ लागला तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. एसएसडी मात्र बऱ्याचदा कसलीही चाहूल न देता बंद पडते, म्हणून तिच्यावर एकमेव प्रत कधीच नको.

दुकानात येताना ‘धिस पीसी’च्या खिडकीचा मोबाईलवर फोटो काढून आणा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेट घेऊन या, मॉनिटर नको. भाव वरचेवर बदलतात, त्यामुळे कोटेशन त्याच दिवशीचं धरा. आणि जुनी डिस्क घरी फॉरमॅट मारून आणू नका. नवीन डिस्कवर सगळं उतरवू, तुम्ही फोटो उघडून खात्री करा, मगच जुनीचं काय करायचं ते ठरवू.