चहातली पुडी

निपाणी-खानापूर भागात जुनी समजूत आहे: दारुड्याच्या चहात पुडी मिसळा, त्याला कळूही देऊ नका, दारू आपोआप सुटते. "सुटतंय की गा!" म्हणणाराही एखादा भेटतोच.

पुडीत काय असतं ते विकणाराच जाणे. पण डायसल्फिरामसारखं, दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध असेल तर प्रकरण गंभीर. दारूपासून शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं. ते पुढे मोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं. मग दोन घोट पोटात गेले की तोंड लाल, छाती धडधडते, ओकारी सुटते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतरही सुमारे 2 आठवडे ही भीती राहते. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. शिवाय दारू सोडायची इच्छा कुठल्याच पुडीत नसते.

भीतीनं पिणं एकदम बंद केलं तरी धोका आहेच. रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्या 2-3 दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो. अशा वेळी घरची माणसं देवऋषी शोधत बसतात. पण धारवाडच्या 'डिमहान्स'सारख्या सरकारी मनोरुग्णालयात यावर उपचार आहेत. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

गल्लीत, मंडळात फिरून, व्यसन सुटलेल्या माणसांसोबत संशोधन करायला शिकणाऱ्या पोरांनाही मार्गदर्शक आधी संमतीच शिकवतात: समोरच्याला विचारल्याशिवाय वहीत एक ओळ लिहायची नाही. आणि आपण नवऱ्याच्या कपात न विचारता औषध घालतो!