सोने, खोल खाणींतील

सोने, खोल खाणींतील : भूपृष्ठाखाली शेकडो ते हजारो मीटर खोल असलेल्या शिरांमधून सोने शोधणे व बाहेर काढणे. नदीच्या वाळूतील सोने अशाच शिरांची झीज होऊन आलेले असते. त्याचा विचार येथे केलेला नाही. शिरांतील सोने सोलापूर जिल्ह्यात आहे का, हे प्रथम पाहू.

सोलापूर जिल्हा जवळजवळ संपूर्ण दक्षिण ट्रॅपच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर दक्षिण भारतातील सोन्याच्या शिरा २५० कोटी वर्षांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या धारवाडी शिस्ट (पापुद्र्यांच्या रूपांतरित) खडकांच्या पट्ट्यांत आहेत. म्हणून सोलापूरच्या खडकात सोने नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या विंधन छिद्रात सुमारे ३४० मीटर ट्रॅप संपल्यावर प्राचीन नाइस (ग्रॅनाइटसारखा पट्टेदार) खडक लागला. तथापि शिस्टचे पट्टे नाइसच्या विस्तारात अरुंद चिंचोळ्या रूपात असतात, त्यामुळे खाली जुना खडक आहे एवढ्यावरून सोन्याची अपेक्षा धरता येत नाही. भीमा पुढे ज्या रायचूर जिल्ह्याच्या सीमेवर कृष्णेला मिळते, तेथे मात्र ट्रॅप सरलेला असून हट्टी–मस्की हा सुवर्णपट्टा उघडा पडला आहे.

खोल भूगर्भातील उष्ण, क्षारयुक्त पाणी खडकांच्या भेगांतून वर चढताना गारगोटीबरोबर सोने मागे ठेवते. अशी शीर खाली कोठवर जाते हे हिरेजडित ड्रिलने काढलेले खडकाचे दंडगोल तपासून आणि त्यांचा कस लावून ठरवतात. टनाला चार-पाच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी सोने मिळाले, तरी खाण चालवता येते.

दक्षिण भारतातील सोन्याच्या खाणकामाच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. कर्नाटकातील तेक्कलकोटा येथील नवाश्मयुगीन वस्तीत सोन्याचे दागिने सापडले आहेत, आणि मोहेंजोदडोचे सोने कर्नाटकातीलच कोलारहून गेले असावे असेही सुचवले गेले आहे. पण ते सोने नदीच्या वाळूतलेही असू शकते, म्हणून त्यावरून खोल खाणी सिद्ध होत नाहीत. हट्टीच्या जुन्या खाणी सुमारे दोनशे मीटर खोल गेलेल्या आढळल्या. त्यांतील लाकडी आधारांचे कार्बन-१४ कालमापन इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचे असल्याने, खोल खाणकाम त्याच सुमारास भरात होते हे मत अधिक ग्राह्य वाटते. खडक लाकडाच्या जाळाने तापवून त्यावर पाणी ओतायचे आणि तडकलेले तुकडे छिन्नीने काढायचे, अशी रीत असावी. एवढ्या साधनांनी दोनशे मीटर उतरणाऱ्या त्या अनाम कामगारांचे कौशल्य आजच्या खाण अभियंत्यालाही थक्क करणारे आहे. अशोकाचा मस्की येथील शिलालेख १९१५ मध्ये सी. बीडन या सोन्याच्या खाणींवरील अभियंत्यालाच आढळला. अशोकाच्या काही शिलालेखांत उल्लेखिलेली ‘सुवर्णगिरी’ (मौर्यांचे दक्षिणेतील ठाणे) कोणी मस्कीला, कोणी कनकगिरीला, तर कोणी एर्रगुडीजवळच्या जोन्नगिरीला मानतात. नामसादृश्य कनकगिरीच्या बाजूने असले, तरी केवळ त्यावर विसंबणे सावधपणाचे नाही. जुन्या खाणी पुढे बंद पडल्या त्या बहुधा साचणाऱ्या पाण्यामुळे.

आधुनिक खाणीत उभा शाफ्ट खणून ठराविक अंतरांवर आडवे बोगदे काढतात, सुरुंगाने शीर फोडतात आणि माल पिंजऱ्यातून वर आणतात. कोलारला १८८० नंतर यंत्रे आली, १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रहून वीज पोहोचली आणि चॅम्पियन रीफ खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. तेथे खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे असल्याने थंड हवा सतत खाली सोडावी लागे. याहून भयंकर म्हणजे शैलस्फोट : वरच्या थरांच्या दाबाने बोगद्याच्या भिंती एकाएकी फुटत आणि त्यात माणसे दगावत. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग खाण सुमारे चार किलोमीटर खोल असून ती थंड ठेवण्यासाठी बर्फमिश्रित पाणी खाली पाठवतात.

वर आलेला दगड दळून त्यातील सोने पूर्वी पाऱ्याने धरत. १८८७ च्या सुमारास शोध लागल्यापासून विरल सायनाइड द्रावणाची पद्धत रूढ झाली. कस उतरल्याने व खर्च वाढल्याने कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. हट्टीची खाण चालू आहे. कोलारला सायनाइड प्रक्रियेनंतर उरलेल्या भुकटीचे डोंगर गावालगत उभे असून वाऱ्याबरोबर त्यांची धूळ वस्तीत येते.