निसान नेमकी कोणाची? रेनॉशी झालेल्या १९९९ च्या सौद्याची पार्श्वभूमी

होंडा आणि निसान या जपानी मोटार कंपन्यांनी २३ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र येण्यासाठी वाटाघाटी सुरू केल्याचे जाहीर केले आणि दोन महिने पुरे होण्याआधीच, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्या गुंडाळल्या. सुरुवातीचा बेत असा होता की दोन्ही कंपन्यांच्या वर एक संयुक्त धारक कंपनी स्थापन करायची आणि दोघींनी तिच्या छत्राखाली नांदायचे. पुढे होंडाने प्रस्ताव बदलला आणि निसानने आपली उपकंपनी व्हावे असे सुचवले. निसानला हे मान्य झाले नाही. होंडाचे बाजारमूल्य त्या वेळी निसानच्या चार-पाच पट होते आणि निसानने नुकतीच ९,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केलेली होती. अशा अवस्थेतल्या कंपनीने ‘उपकंपनी’ या एका शब्दावर अडून बसावे, हा अनेकांना निव्वळ अडेलतट्टूपणा वाटला. निसानचा आधीचा पाव शतकाचा अनुभव पाहिला, तर त्या शब्दाला ती इतकी का बिचकली याचा उलगडा होतो.

१९९९ च्या आरंभी निसान खरोखरच अडला हरी होती. कंपनीवर सुमारे २ लाख कोटी येनचे कर्ज होते, जपानमधला तिचा बाजारहिस्सा वर्षानुवर्षे घसरत चालला होता आणि तिची बहुतेक मॉडेल तोट्यात विकली जात होती. तारणहार म्हणून डाइम्लर-क्रायस्लरचे नाव घेतले जात होते, पण हिशेबाच्या वह्या पाहिल्यावर मार्च महिन्यात त्या कंपनीने काढता पाय घेतला. मैदानात उरली फ्रान्सची रेनॉ. तिचे अध्यक्ष लुई श्वाइत्झर आणि निसानचे अध्यक्ष योशिकाझू हानावा यांनी २७ मार्च १९९९ रोजी करारावर सह्या केल्या आणि ६४,३०० कोटी येन मोजून रेनॉने निसानचे ३६.८ टक्के समभाग घेतले.

रेनॉने या व्यवहाराला विलीनीकरण म्हटले नाही, ‘आघाडी’ म्हटले, आणि त्यामागे तिचा स्वतःचा जुना चटका होता. १९४५ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली रेनॉ १९९३ मध्येही फ्रेंच सरकारच्याच मालकीची होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिने स्वीडनच्या व्होल्व्होशी विलीनीकरण जाहीर केले, पण आपली कंपनी पॅरिसच्या मंत्रालयातून चालवली जाईल या धास्तीने स्वीडिश भागधारक बिथरले आणि डिसेंबरमध्ये तो बेत कोसळला. तेव्हापासून रेनॉच्या मुख्यालयात एवढे पक्के झाले होते की दुसऱ्या देशाची मानाची कंपनी गिळायला जायचे नाही. भाग घ्यायचा, माणसे पाठवायची, पण पाटी तिचीच राहू द्यायची. निसानच्या बाबतीत हे धोरण सुरुवातीला फळले. मात्र ‘आघाडी’ या शब्दाचा अर्थ टोकियोत एक आणि पॅरिसमध्ये दुसरा लावला जात होता आणि भरभराटीच्या काळात तो स्पष्ट करून घेण्याची निकड कोणालाच वाटली नाही.

रेनॉने पाठवलेल्या माणसांमध्ये प्रमुख होते कार्लोस घोन. लेबनीज वंशाचे, ब्राझीलमध्ये जन्मलेले, फ्रान्समध्ये शिकलेले घोन मिशेलिन सोडून १९९६ मध्ये रेनॉत आले होते आणि खर्चाला कात्री लावण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांनी मांडलेल्या पुनरुज्जीवन योजनेत पाच कारखाने बंद करणे, २१,००० नोकऱ्या कमी करणे, सुट्या भागांच्या खरेदीचा खर्च तीन वर्षांत २० टक्क्यांनी उतरवणे आणि पुरवठादारांची संख्या १,१४५ वरून ६०० पर्यंत आणणे, अशी कलमे होती. बंद व्हायच्या कारखान्यांत टोकियोच्या पश्चिमेचा मुरायामा कारखानाही होता. १९६६ मध्ये निसानने प्रिन्स ही कंपनी सामावून घेतली, तेव्हा तिच्याबरोबर आलेला हा कारखाना स्कायलाइन मोटारीचे घर म्हणून ओळखला जाई. दुसऱ्याची कंपनी पोटात घेतल्यावर पुढे तिच्या खुणांचे काय होते, हे निसानने आधी स्वतः करून पाहिले होते, असेही म्हणता येईल.

नोकरकपातीची चर्चा जगभर झाली, पण जपानी उद्योगाला खरा हादरा बसला तो खरेदीच्या कलमामुळे. जपानी कंपन्या ‘केइरेत्सु’ नावाच्या साखळीने बांधलेल्या असत: मोटार कंपनीने पुरवठादाराचे समभाग धरायचे, पुरवठादाराने तिचे धरायचे, बँकेने दोघांचे, आणि भावाची घासाघीस या नात्यागोत्याला शोभेल इतपतच करायची. निसानकडे अशा १,३९४ कंपन्यांचे समभाग होते. नवी मोटार काढायला पैसा नसलेल्या कंपनीचे भांडवल या नातेसंबंधांत अडकून पडले होते. घोन यांनी त्यांतले बहुतेक समभाग विकायला काढले. पोलादाच्या बाबतीत तर त्यांनी अनेक गिरण्यांत थोडी थोडी वाटून दिली जाणारी मागणी मोजक्या गिरण्यांकडे वळवून भाव पाडून घेतले. यात निप्पॉन स्टीलचा वाटा वाढला आणि निसानशी पिढीजात व्यवहार असलेल्या एनकेके या कंपनीला मोठा फटका बसला. जपानी वृत्तपत्रांनी याला ‘घोन शॉक’ असे नाव दिले. पुढे २००२ मध्ये एनकेके आणि कावासाकी स्टील यांनी एकत्र येऊन जेएफई हा समूह उभारला, त्यामागच्या कारणांत या धक्क्याचीही गणना होते. मोटार कंपनीच्या खरेदी खात्यातल्या एका निर्णयाने पोलाद उद्योगाचा नकाशा हलावा, याला उद्योगाच्या इतिहासात फारशी उदाहरणे नसावीत.

पुढचे आकडे बोलके होते. १९९९ च्या आर्थिक वर्षात ६८,४०० कोटी येन तोटा दाखवणाऱ्या निसानने पुढच्याच वर्षी ३३,१०० कोटी येन नफा दाखवला. तोट्याच्या वर्षात पुनर्रचनेचा सगळा खर्च एकदमच टाकल्यामुळे हा पालट आहे त्याहून नाट्यमय दिसला, हे खरे. पण कर्ज ठरल्याआधीच निम्म्यावर आले, हेही तितकेच खरे. २००२ मध्ये रेनॉने आपला हिस्सा ४४.४ टक्क्यांपर्यंत वाढवला (तो पुढे ४३.४ झाला) आणि निसानला रेनॉचे १५ टक्के समभाग मिळाले. पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ या उलटसुलट मालकीत आहे. रेनॉच्या ताब्यात निसानचे ४० टक्क्यांहून जास्त समभाग असल्यामुळे फ्रेंच कायद्यानुसार निसानच्या १५ टक्क्यांना मताधिकार नव्हता. फ्रेंच सरकारकडे पुढे रेनॉचे तेवढेच, म्हणजे १५ टक्के समभाग राहिले, आणि त्यांना मताधिकार होता. म्हणजे निसानला रेनॉच्या सभेत बसायला जागा होती, हात वर करायची मुभा नव्हती.

२००२ मध्ये याचा कोणाला फारसा विषाद वाटला नसावा, कारण बुडणाऱ्या कंपनीला हात देणाऱ्याने काठावर उभे राहायचे असते. पण पुढल्या दशकात पारडे फिरले. निसान अमेरिका आणि चीनमध्ये वाढली, तर युरोपातल्या मंदीने रेनॉ खंगली. रेनॉच्या नफ्यात निसानकडून येणारा वाटा मोठा झाला. २०१७ मध्ये आघाडीने मिळून सुमारे १ कोटी ६ लाख वाहने विकून जगात पहिल्या क्रमांकाचा दावा केला, त्यांतली ५८ लाख निसानची आणि सुमारे ३८ लाख रेनॉची होती. उरलेली मित्सुबिशीची होती, कारण इंधनवापराचे आकडे फुगवून सांगितल्याच्या प्रकरणात अडकलेल्या त्या कंपनीचे ३४ टक्के समभाग निसानने २०१६ मध्ये घेतले होते. जास्त मोटारी विकणारी कंपनी कमी मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यात, आणि त्या दुसरीच्या सभेत पहिलीला मत नाही, ही रचना संकटकाळातली तडजोड म्हणून समजण्यासारखी होती. कायमची व्यवस्था म्हणून ती टिकणे अवघड होते.

ठिणगी पडली ती फ्रान्समध्ये. दीर्घकाळ समभाग बाळगणाऱ्यांना दुप्पट मताधिकार देणारा कायदा तिथे २०१४ मध्ये झाला. रेनॉच्या व्यवस्थापनाला तो नको होता. तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये अर्थमंत्री इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी सरकारचा हिस्सा १५ वरून १९.७ टक्क्यांवर नेला आणि भागधारकांच्या सभेत तो कायदा रेनॉला लागू करून घेतला. निसानच्या दृष्टीने ही धोक्याची घंटा होती. तिच्याकडे मात्र जपानच्या कंपनी कायद्याचे एक हत्यार होते: निसानने रेनॉतला आपला हिस्सा २५ टक्क्यांवर नेला, तर रेनॉचा निसानमधला मताधिकारच रद्द होणार होता. हे हत्यार उपसावे लागले नाही. नुसते दाखवणे पुरले. डिसेंबर २०१५ मधल्या समझोत्यात फ्रेंच सरकारच्या मताधिकारावर मर्यादा आली आणि निसानच्या कारभारात रेनॉने ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले.

हा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. २००५ पासून घोन दोन्ही कंपन्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. पॅरिसमध्ये ते जपानी कंपनीची बाजू सांभाळत आणि टोकियोत फ्रेंच भागधारकाची. त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाइतका लखलखीत नव्हता. २०११ मध्ये त्यांनी जगभरात ८ टक्के बाजारहिस्सा आणि ८ टक्के परिचालन नफा असे दुहेरी लक्ष्य ठेवले. त्यातला बाजारहिस्सा गाठण्याच्या नादात अमेरिकेत भरमसाट सवलती देऊन मोटारी खपवल्या गेल्या आणि नवी मॉडेल काढण्याकडे दुर्लक्ष झाले. आजच्या निसानचे दुखणे तिथे सुरू झाले, असे माझे मत आहे. पुढे झालेल्या त्यांच्या अटकेच्या नाट्यापुढे हा भाग नेहमी झाकला जातो.

याच काळात या आघाडीची वाट महाराष्ट्रातूनही गेली, आणि तिथली गोष्टही भागीदारीतल्या ओढाताणीचीच आहे. रेनॉने महिंद्राशी ४९-५१ अशी भागीदारी करून २००७ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून लोगान बाजारात आणली. मोटार ऐसपैस होती, पण चार मीटरहून लांब असल्याने छोट्या मोटारींना मिळणारी उत्पादन शुल्कातली सवलत तिला मिळत नव्हती, आणि त्यामुळे किमतीच्या स्पर्धेत ती मागे पडली. २०१० मध्ये महिंद्राने रेनॉचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे तीच मोटार व्हेरिटो नावाने धावू लागली. दरम्यान मे २००८ मध्ये बजाज ऑटोबरोबर चाकणला सुमारे अडीच हजार डॉलरची मोटार करायचे ठरले होते. बजाजचे लक्ष इंधनाच्या बचतीवर होते आणि भागीदारांचे किमतीवर. त्यातून बजाजची चारचाकी क्यूट निघाली, पण रेनॉ-निसानच्या दालनात ती कधी आली नाही. आघाडीने भारतात स्वतःचा कारखाना उभारला तो चेन्नईजवळ ओरगडमला, २०१० मध्ये.

२०१८ च्या फेब्रुवारीत रेनॉने घोन यांची मुदत वाढवली, ती आघाडी ‘न उलटणारी’ करण्याची जबाबदारी सोपवूनच. निसानमधल्या वरिष्ठांनी याचा अर्थ विलीनीकरण असा घेतला. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी घोन यांना विमानातून टोकियोत उतरताच अटक झाली. वेतनाचे खरे आकडे दडवल्याचा आणि कंपनीचा पैसा वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. विलीनीकरण रोखण्यासाठी रचलेला हा कट आहे, असे त्यांचे म्हणणे राहिले. २०१९ च्या डिसेंबरअखेर जामिनावर असताना वाद्यांच्या पेटीत लपून ते जपानबाहेर निसटले आणि इस्तंबूलमार्गे लेबनॉनला पोचले. त्यामुळे खटला चाललाच नाही आणि आरोपांचा न्यायालयीन निवाडा आजवर झालेला नाही.

दोन्ही बाजूंना जोडणारा माणूस गेल्यावर उरला तो समभागांचा हिशेब. २०१९ च्या मे महिन्यात फियाट-क्रायस्लरने रेनॉपुढे विलीनीकरणाचा प्रस्ताव ठेवला. निसानचा पाठिंबा मिळेपर्यंत फ्रेंच सरकारने वेळ मागितला आणि प्रस्ताव दहा दिवसांत मागे घेतला गेला. फियाट-क्रायस्लरने पुढे प्यूजोच्या समूहाशी हातमिळवणी केली आणि २०२१ मध्ये स्टेलॅंटिस उभी राहिली. रेनॉ पाहत राहिली. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही बाजूंना १५-१५ टक्के मताधिकार असावा असे ठरले आणि रेनॉचे उरलेले समभाग फ्रान्समधल्या एका न्यासाकडे गेले. निसानला हवी ती बरोबरी मिळाली, पण तोवर चीनमध्ये तिची विक्री ढासळली होती. २०१० मध्येच लीफ ही विजेवरची मोटार काढणाऱ्या या कंपनीकडे अमेरिकेत मागणी वाढलेल्या हायब्रिड मोटारीही नव्हत्या.

होंडाने ‘उपकंपनी’ हा शब्द उच्चारला, तो ही बरोबरी नोव्हेंबर २०२३ मध्ये अमलात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले असताना. वाटाघाटी मोडल्यावर निसानचे मुख्याधिकारी माकोतो उचिदा पायउतार झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून इव्हान एस्पिनोसा त्यांच्या जागी आले. मे महिन्यात निसानने सुमारे ६७,००० कोटी येनचा तोटा जाहीर केला. त्याच दिवशी २०,००० नोकऱ्या कमी करण्याची आणि सतरा कारखान्यांवरून दहावर येण्याची योजनाही तिने मांडली. १९९९ च्या योजनेत कपात २१,००० नोकऱ्यांची होती. ओरगडमच्या कारखान्यातला आपला ५१ टक्के हिस्सा रेनॉला विकण्याचे तिने मार्चमध्येच ठरवले होते. रेनॉनेही २०२५ च्या मध्यापासून निसानमधली गुंतवणूक बाजारभावाने मोजायला सुरुवात केली. त्यासाठी तिला एकरकमी ९.३ अब्ज युरोचा तोटा वहीत नोंदवावा लागला, आणि आता निसानच्या समभागाचा भाव चढला किंवा पडला तरी तो फरक रेनॉच्या नफातोटा पत्रकात येत नाही.