काचबिंदूची नळी आणि विषाणुसंसर्ग

काचबिंदूत डोळ्याचा दाब औषधांनी किंवा नेहमीच्या शस्त्रक्रियेने आटोक्यात येत नसेल, तर डोळ्यातले पाणी बाहेर काढणारी सिलिकॉनची बारीक नळी बसवतात. तिचे एक टोक डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, बुबुळाच्या (इथे बुबुळ म्हणजे समोरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) लगेच मागे असते, दुसरे पापणीआड दडलेल्या चकतीला जोडलेले. ‘अहमद’ नावाच्या नळीला झडप असते. मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीच्या ‘आडी’ नळीला झडप नसते, म्हणून पाणी एकदम वाहून जाऊ नये यासाठी सुरुवातीचे काही आठवडे नळी विरघळणाऱ्या टाक्याने बांधून ठेवतात.

सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्यात, आषाढीची पंढरपूरची गर्दी ओसरता ओसरता, डोळा लाल झाला की घरचे लोक ‘डोळे आलेत’ म्हणतात आणि मेडिकलमधून ड्रॉप आणतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर ही साथ राज्यभर होती. अ‍ॅडिनोविषाणूने आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. नळी असलेल्या डोळ्याला मात्र हा अंदाज लावू नये. नळीवरचे आवरण झिजून ती उघडी पडली असेल, तर जंतू थेट डोळ्यात शिरतात. तो डोळाही आधी नुसता लालच दिसतो.

दुसरा धोका आतून येतो. शस्त्रक्रियेनंतर दाह कमी करायला स्टिरॉइडचे ड्रॉप दीर्घकाळ चालतात आणि मज्जातंतूत दडून बसलेला हर्पिस विषाणू त्या काळात उसळू शकतो. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम उमटते. पूर्वी असा आजार किंवा डोळ्याजवळ नागीण झाली होती का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवे. रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो. गरजेनुसार असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू ठेवतात.

सायटोमेगॅलो नावाचा आणखी एक विषाणू जास्त फसवा. तो स्वतःच डोळ्याचा दाब वाढवतो, त्यामुळे ‘नळी बंद पडली’ असे वाटते. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी तो मारतो, आणि नळीमुळेही त्या कमी होतच असतात. दोन्ही एकत्र आले की बुबुळ सुजून धुरकटते. असायक्लोव्हिर त्यावर फारसे चालत नाही, गॅन्सिक्लोव्हिर लागते. खात्रीसाठी सुईने डोळ्यातले थेंबभर पाणी काढून पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, तपासणी करतात.

साथीच्या दिवसांत दवाखानाही निर्धोक नसतो. दाब मोजायच्या यंत्राचे टोक एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि अ‍ॅडिनोविषाणूसाठी नुसता स्पिरिटचा बोळा भरवशाचा नाही. ते टोक पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून, मग पाण्याने नीट धुऊन वाळवावे लागते. ब्लीच राहिले तर बुबुळ भाजते.