वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड

बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीत, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे टीएक्सए, शिरेतून देतात, बहुतेक वेळा भूल देतानाच 1 ग्रॅम, हळूहळू. औषध जुनंच आहे, जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने ते 1960च्या दशकात पुढे आणलं.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, स्टेपलर एकाच वेळी कापतो पण आणि बारीक पिना पण मारतो, आणि त्या लांबलचक स्टेपल लाइनमधून रक्त झिरपू शकतं. गंमत अशी की पोटात भरलेल्या गॅसच्या दाबाने छोट्या शिरा दबलेल्या असतात, त्यामुळे दुर्बिणीतून सगळं कोरडं दिसतं, म्हणून बरेच सर्जन शेवटी गॅसचा दाब कमी करतात, भूलतज्ज्ञांना बीपी थोडं वर न्यायला सांगतात आणि लाइन पुन्हा नीट बघतात, जिथे झिरपतंय तिथे क्लिप किंवा टाका.

टीएक्सए गुठळी बनवत नाही, झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, एवढंच त्याचं काम. गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनाचं मूळ रूप म्हणजे प्लाझ्मिनोजेन, त्याला ते फायब्रिनला, म्हणजे गुठळीच्या धाग्यांना, चिकटू देत नाही. त्यामुळे मोठी रक्तवाहिनी उघडी राहिली असेल तर याच्या भरवशावर राहून चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. लठ्ठ पेशंटमध्ये पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जायची भीती आधीच जास्त, त्यात लठ्ठपणात पीएआय-1, म्हणजे गुठळी विरघळणं रोखणारं प्रथिन, वाढलेलं असतं म्हणजे गुठळी विरघळायची प्रक्रिया मुळातच मंद, म्हणून हेपरिन किंवा एनॉक्सापॅरिन ही गुठळी होऊ न देणारी औषधं द्यावी लागतात, आणि त्याच पेशंटला टीएक्सए द्यायचं म्हणजे एकीकडे गुठळी नको आणि दुसरीकडे टिकायला हवी! 2022च्या पॉइज-3 या साडेनऊ हजार पेशंटच्या अभ्यासात गंभीर रक्तस्राव 11.7 टक्क्यांवरून 9.1 टक्क्यांवर आला खरा, पण ती हृदयाची सोडून इतर सगळी ऑपरेशन्स होती, फक्त बेरिअ‍ॅट्रिक नव्हे. म्हणून सरसकट सगळ्यांना द्यायचं की निवडक पेशंटलाच, यावर एकमत नाही, आणि निवडून देणं जास्त शहाणपणाचं वाटतं.

सध्या कुठे गुठळी असेल किंवा फिट्सचा त्रास असेल तर टाळतात. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.