गोल्फ विश्वचषक (कॅनडा कप)

गोल्फ विश्वचषक : देशोदेशीच्या दोन-दोन व्यावसायिक गोल्फपटूंच्या जोड्यांमध्ये खेळली जाणारी आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा. १९५३ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे ‘कॅनडा कप’ या नावाने ती सुरू झाली. १९६७ पासून तिला विश्वचषक म्हटले जाऊ लागले. २०१८ नंतर ती झालेली नाही. रायडर कप या सांघिक गोल्फ स्पर्धेत अमेरिकेसमोर युरोप असतो आणि प्रेसिडेंट्स कपमध्ये युरोप वगळून उरलेले जग असते. तिथे देश हे एकक एकाच बाजूला उरते. व्यावसायिक गोल्फमध्ये दोन माणसांच्या बळावर एखादा छोटा देश थेट अमेरिकेशी भिडला तो प्रामुख्याने याच स्पर्धेत.

उगम : स्पर्धेचा प्रारंभ १९५३ चा, हे सर्वमान्य आहे. मात्र राष्ट्रीय जोड्यांची कल्पना तेव्हाच प्रथम निघाली का, याबद्दल मतभेद आहेत. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमधील सांघिक गोल्फकडे काही जण बोट दाखवतात. पण तिथे उतरलेले तिन्ही संघ अमेरिकनच होते, त्यामुळे तिला राष्ट्रांची स्पर्धा म्हणणे कठीण जाते. इंग्लंड-स्कॉटलंड व्यावसायिक सामने १९०३ पासूनचे, हौशी खेळाडूंचा वॉकर कप १९२२ चा आणि रायडर कप १९२७ चा. हे सगळे दोन पक्षांमधले सामने होत. अनेक देश एकाच वेळी मैदानात, ही त्यांची रचना नव्हे.

खरा वाद आहे तो १९३६ च्या बाडेन-बाडेन स्पर्धेचा. बर्लिन ऑलिंपिक आटोपल्यावर त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीने या गावी ‘राष्ट्रांचे पारितोषिक’ म्हणून गोल्फ स्पर्धा भरवली. सात देश, प्रत्येकाचे दोन हौशी खेळाडू, ७२ होल (चेंडू ज्यांत घालायचा ते खड्डे) आणि दोघांच्या फटक्यांची बेरीज; ती सर्वांत कमी त्याची सरशी. पुढे कॅनडा कपने बहुतांशी हीच पद्धत स्वीकारलेली दिसते. पहिल्या टप्प्यात यजमान जर्मन जोडी पुढे होती. अखेर टॉमी थर्स्क आणि अर्नोल्ड बेंटली या इंग्लिश जोडीने बाजी मारली. हिटलर स्वतः पारितोषिक द्यायला निघाला होता आणि जर्मनी मागे पडल्याची वार्ता कळताच त्याने वाटेतूनच गाडी मागे फिरवली, अशी कथा सांगितली जाते. तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही; ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पारितोषिक जर्मन गोल्फ संघाचे अध्यक्ष कार्ल हेंकेल यांच्या हस्ते दिले गेले. अंबराच्या चकत्या जडवलेले ते सोनेरी तबक आज इंग्लंडमधील साउथपोर्टच्या हेस्केथ गोल्फ क्लबकडे आहे. बेंटली याच क्लबचा सभासद होता. २०१२ च्या लिलावात क्लबने ते विकत घेतले.

आराखडा आधीचा होता म्हणून बाडेन-बाडेनला विश्वचषकाची जननी ठरवावे काय? तसे मानणे ओढूनताणून होईल. तिथे खेळाडू हौशी होते, हेतू राजवटीच्या प्रतिष्ठेचा होता आणि स्पर्धेची परंपरा चालली नाही. कॅनडा कपच्या संस्थापकाने हा नमुना समोर ठेवल्याचे दिसत नाही. दोघांचे गुण मिळवायचे ही युक्ती इतकी साधी आहे की ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असणे सहज शक्य आहे. म्हणून या नोंदीत १९५३ हाच प्रारंभ धरला आहे.

प्रवर्तक : जॉन जे हॉपकिन्स (१८९३–१९५७) हा अमेरिकन उद्योगपती. पाणबुड्या बांधणारी इलेक्ट्रिक बोट कंपनी त्याच्या हाती होती. तिने मॉन्ट्रिऑलजवळची कॅनडेअर ही विमानकंपनी घेतली आणि १९५२ मध्ये या समूहातून जनरल डायनॅमिक्स उभी राहिली. ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी याच कंपनीची. अमेरिकन माणसाने काढलेल्या स्पर्धेला कॅनडाचे नाव का, याचा उलगडा कॅनडेअरच्या संबंधातून होतो. ‘गोल्फच्या माध्यमातून आंतरराष्ट्रीय सद्भावना’ हे स्पर्धेचे ब्रीद होते. हॉपकिन्सच्या मृत्यूनंतरही इंटरनॅशनल गोल्फ असोसिएशनने ती चालू ठेवली आणि दरवर्षी नव्या देशात नेण्याचा प्रघात बराच काळ पाळला, ही फार मोलाची गोष्ट होय. पहिली स्पर्धा बीकन्सफील्ड येथे सात संघांत झाली. अर्जेंटिनाच्या अँतोनियो सेर्दा व रॉबेर्तो दे विसेन्झो यांनी ती जिंकली.

खेळण्याची पद्धत : मूळ पद्धतीत जोडीतला प्रत्येक जण आपापला चेंडू खेळे आणि दोघांच्या एकूण फटक्यांची बेरीज संघाची मानली जाई. पहिले वर्ष (३६ होल) सोडले तर साधारणपणे १८ होलच्या चार फेऱ्या होत. सर्वांत कमी फटके घेणाऱ्यास वैयक्तिक करंडक वेगळा मिळे. एकाचा खेळ बिघडला की त्याची भरपाई दुसऱ्याला करावी लागे. निष्णात खेळाडूलाही एकट्याने संघ तारता येत नसे.

२००० पासून पद्धत बदलली. दोन दिवस ‘फोरबॉल’ : दोघेही आपापला चेंडू खेळतात, प्रत्येक होलला त्यांपैकी चांगला आकडा धरतात. दोन दिवस ‘फोरसम्स’ : जोडीला चेंडू एकच, फटके आळीपाळीने. एक जण विषम क्रमांकाच्या होलवर पहिला फटका मारतो, दुसरा सम क्रमांकाच्या. मधे कोणी कितीही फटके घेतले तरी हा क्रम मोडत नाही. समजा पहिल्याने चेंडू झाडीत घातला, तर तो तिथून काढायचा दुसऱ्याने. दुसऱ्याने ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर) आणून ठेवला की पुढचा ‘पट’ (होलकडे नेणारा हलका फटका) मारायचा पहिल्याने. कोणत्या होलला सुरुवात कोणी करायची हे ठरवताना लांब पल्ल्याचा खेळाडू आणि अचूक खेळाडू यांची सांगड घालावी लागते, आणि जाणकार प्रेक्षकाला खरी रंगत तिथेच येते. २०१३ मध्ये मेलबर्नला पुन्हा बेरजेची जुनी पद्धत आणली गेली. २०१६ व २०१८ मध्ये परत जोडीचा खेळ आला.

विजेते : अमेरिकेची २४ विजेतेपदे. जॅक निक्लॉस आणि अर्नोल्ड पामर यांनी जोडीने चार वेळा (१९६३, १९६४, १९६६, १९६७), तर फ्रेड कपल्स व डेव्हिस लव्ह यांनी १९९२ ते १९९५ अशी सलग चार वेळा स्पर्धा जिंकली. पण स्पर्धेची ओळख ठरली ती इतर निकालांनी : १९५८ मध्ये आयर्लंड, १९७२ मध्ये तैवान, २०१६ मध्ये डेन्मार्क, २०१८ मध्ये बेल्जियम. वेल्सने तर दोनदा (१९८७, २००५) चषक नेला. ब्रिटनमधील इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स इथे स्वतंत्र संघ म्हणून उतरत. आयर्लंडचे दोन्ही भाग मात्र एकत्र खेळत.

सर्वाधिक परिणाम घडवणारी स्पर्धा १९५७ ची. जपानमधील कासुमिगासेकी येथे तोराकिची नाकामुरा व कोइची ओनो यांनी अमेरिकेला मागे टाकले. वैयक्तिक करंडकही नाकामुराचाच. दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहिलेल्या जपानमध्ये गोल्फची लाट आली ती तेव्हापासून. याच मैदानावर २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे गोल्फ झाले आणि भारताची अदिती अशोक चौथी आली. सांघिक गोल्फमधील भारताचे ठळक यश मात्र आशियाई क्रीडा स्पर्धांतले : १९८२ मध्ये दिल्लीत लक्ष्मण सिंग, राजीव मेहता, ऋषी नारायण व अमित लुथरा यांनी सांघिक सुवर्ण मिळवले.

उतरता काळ : १९८१ व १९८६ मध्ये स्पर्धा झाली नाही. व्यावसायिक दौऱ्यांचे वेळापत्रक भरगच्च होत गेले, तसा देशासाठी आठवडा काढणे आघाडीच्या खेळाडूंना जड जाऊ लागले. २००९ नंतर ती वार्षिक राहिली नाही. २०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतले, तरी तिथे संघांसाठी पदक नव्हते.

गोमंतकातील गोल्फ : कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. हा खेळ ब्रिटिश छावण्या आणि व्यापारी पेढ्यांबरोबर पसरला. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिल्याने त्या वाटेवर आला नाही. खुद्द पोर्तुगालमधील पहिला क्लबदेखील पोर्तो परिसरातील इंग्रज मद्यव्यापाऱ्यांनी १८९० मध्ये काढलेला. फुटबॉलचे तसे नाही; १८८३ च्या सुमारास एका ब्रिटिश पाद्रीने तो गोव्यातील शिवोलीत आणला असे मानतात, आणि तो गावोगावच्या मैदानांवर रुजला. पोर्तुगालने २००५ चा विश्वचषक आल्गार्व्हमधील विलामोरा येथे भरवला, तेव्हा पावसामुळे स्पर्धा ५४ होलवर आटोपावी लागली.

आजच्या गोव्यातील गोल्फ काणकोणचे राजबाग आणि सासष्टीतील बाणावली अशा ठिकाणच्या हॉटेलांच्या छोट्या मैदानांपुरते आहे. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा गोल्फ दिल्लीत खेळवावे लागले. मोठ्या मैदानांना इथे १९९० च्या दशकापासून विरोध होत आला आहे. हिरवळीला लागणारे पाणी, त्यावरची कीटकनाशके आणि जमिनीची मालकी ही त्याची कारणे. पेडणे तालुक्यातील तेरेखोलच्या नियोजित मैदानाचा वाद कुळांच्या हक्कांवरून पेटला आणि न्यायालयापर्यंत गेला. ज्या डोंगरपठारावर हे मैदान व्हायचे होते, तिथे कुळे पिढ्यान्‌पिढ्या शेती-बागायती करीत आली असल्याचे ग्रामस्थांचे म्हणणे होते, आणि या नोंदीच्या दृष्टीने तो आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे.